आत्याने केलेला पिवळा कप

माझी आत्या ब्याण्णव वर्षांची आहे. आयुष्यभर तिने चिनी मातीच्या भांड्यांचे नमुने केले. कप, बशा, किटल्या, लोणच्याच्या बरण्या, हॉटेलातल्या टेबलांवर असतात ती मिठाची भांडी. कारखान्यात हजारोंनी निघणाऱ्या वस्तूचा पहिला नमुना ती हाताने घडवायची, त्यावरून साचे बनायचे आणि मग ती वस्तू तिच्या हातून सुटून देशभर जायची. कपाच्या बुडाला कारखान्याचा शिक्का असतो, नमुना करणाऱ्याचं नाव नसतं. त्यामुळे ती माझ्याकडे झाशीला राहायला आली तेव्हा गल्लीत तिची ओळख एवढीच झाली : पोस्टवाल्या दीदींच्या, म्हणजे माझ्या, बुआजी.

ती आली तीसेक वर्षांपूर्वी, नोकरी संपवून. हे तिचं माहेर. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी दतिया गेटाजवळ बांधलेल्या दोन खोल्यांवर तिने आणखी एक खोली चढवली आणि गच्चीत विजेची छोटी भट्टी बसवली. वीज मधेच गेली की आतला माल अर्धवट भाजून निघायचा. ती चिडायची नाही. भट्टी निवली की एकेक तुकडा उन्हात धरून कुठे काय बिघडलं ते बघत बसायची.

तिचं काम मी जवळून पाहिलं ते याच वर्षांत. नवी किटली झाली की ती मला पांढरी चादर अंथरायला सांगायची आणि तिच्यावर कप ठेवून पाणी ओतायला लावायची. ओतणं थांबवल्यावर धार तिथल्या तिथे तुटली पाहिजे. तोटीवरून एक थेंब ओघळून चादरीवर पडला तर किटली नापास. एका किटलीची तोटी तिने अकरा वेळा बदलल्याचं मला आठवतं. कपाचा कान ती डोळे मिटून, तेलाचा हात लावून धरून बघायची, कारण स्वयंपाकघरात बायकांचे हात कोरडे कुठे असतात, असं तिचं म्हणणं. ऐंशी ओलांडल्यावर तिचे हात थरथरायला लागले. तेव्हा तिने दोन कानांचा, रुंद बुडाचा एक कप केला. त्याची कड आत वळलेली आहे, चहा हिंदकळला तरी बाहेर येत नाही. आमच्या गल्लीतल्या तीन-चार म्हाताऱ्या माणसांकडे आज तो कप आहे. एकदा समोरच्या घरातले आजोबा मला म्हणाले होते, "बिटिया, आता मला सून चहा भरवत नाही." मी आत्याला हे सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी दुपारची झोपही घेतली नाही.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगितल्यावर हे कुणी ऐकून घेणार नाही अशी मला भीती वाटते.

गेल्या वर्षी होळीनंतर दिल्लीहून एक मुलगी आली. तिशीची असेल. रोजच्या वापरातल्या जुन्या भारतीय वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरवणार होते, त्यात एक पूर्ण दालन आत्याचं असणार होतं. मुलीने दोन दिवस आत्याच्या वह्या पाहिल्या, फोटो काढले, गच्चीतली भट्टी पाहिली. बोलायची अदबीने. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि म्हणाली, "दीदी, ये देखिए. जुन्या बाजारात मिळाला. दालनाच्या दारात हाच ठेवायचा, प्रदर्शनाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही हाच."

तो पिवळा कप होता. मी एकदम म्हणाले, "अगं, हा तर आमचा!"

आमच्या लहानपणी घरात असे सहा कप होते. आत्याने गुजरातेतल्या कारखान्यातून पाठवलेले. झेंडूपेक्षा तेजस्वी पिवळा रंग, लहान मुलाची दोन बोटं नेमकी बसतील असा कान, आणि बूड असं जड की धक्का लागला तरी कप पडायचा नाही. वडील सांगायचे की रेल्वेने कुठेही गेलं तरी कुणाच्या ना कुणाच्या घरी तो दिसतो. उन्हाळ्यात आई त्यातून आम्हाला कैरीचं पन्हं द्यायची. माझा धाकटा भाऊ तर त्या कपाशिवाय काही प्यायचाच नाही.

आत्याने कप हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"हा नको," ती म्हणाली.

मुलगी हसली. तिला वाटलं, म्हातारीला आपलं जुनं काम आवडत नसावं. "पण बुआजी, लोकांना तुमचा हाच कप आठवतो."

"म्हणूनच नको."

मुलगी संध्याकाळच्या गाडीने परत गेली, कप आमच्याकडेच ठेवून. विचार करा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्याने मला समोर बसवलं आणि सांगितलं. मधे पाणीसुद्धा प्यायली नाही.

त्या पिवळ्या झिलईत शिसं होतं. झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. त्या काळी असा पिवळा शिशाशिवाय येतच नसे, आणि नीट भाजला की धोका नाही असं सगळेच समजत. कप बाजारात येऊन तीन वर्षं झाली तेव्हा परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने माल तपासून परत पाठवला. आंबट पदार्थ ठेवला की शिसं सुटतं, असं त्या पत्रात होतं. मॅनेजरने पत्र आत्याला दाखवलं आणि म्हणाला, बाहेर पाठवणं बंद करू, इथे चालेल.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बिनशिशाचा पिवळा शोधायला लागले. गुपचूप. वाटलं, तो सापडला की जुना काढून टाकू, कुणाला कळणारही नाही. दोन वर्षं लागली. सापडला तो मळका निघाला, हळद भिजल्यासारखा. दुकानदारांनी घेतला नाही. मॅनेजर म्हणाला, जुनाच चालू ठेवा. तेव्हा मी ती नोकरी सोडली, दुसऱ्या कारखान्यात गेले."

"आणि कप?"

"माझ्यामागे बरीच वर्षं निघत होता."

मला एक दिवाळी आठवली. आत्या मोठी पेटी घेऊन आली होती, पेटीत पांढरे कप होते. पिवळे सगळे तिने काढून घेतले. आईला म्हणाली, टवके उडालेत, आता वापरू नका. एकाचाही टवका उडालेला नव्हता. माझा भाऊ त्या कपासाठी जमिनीवर लोळून रडला होता, आणि आम्ही पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट हसत हसत सांगायचो.

"ती दिवाळी," मी म्हटलं. "ते पत्र आलं तेव्हाची?"

"नोकरी सोडल्यानंतरची."

"म्हणजे दोन वर्षांनी."

"हो."

"आत्या, एक पोस्टकार्ड टाकायचं होतंस."

ती म्हणाली, "लिहिलं असतं तर माझ्याच अक्षरात कबूल केल्यासारखं झालं असतं. मला वाटायचं, एवढ्याशाने काय होणार. मला तेव्हा स्वतःचा विभाग मिळाला होता. हाताखाली सहा माणसं होती. तिथे आधी कुठलीच बाई त्या खुर्चीवर बसली नव्हती. तो कप गेला असता तर मी गेले असते."

माझ्या भावाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, पण आम्ही दोघी त्याचाच विचार करत होतो. लहानपणी त्याच्या पोटात सारखं दुखायचं. आई ओवा द्यायची, हिंग लावायची. शाळेत त्याला काही म्हणजे काही लक्षात राहायचं नाही. वडील त्याला पाढ्यांवरून मारायचे, आणि मी, माझे पाढे पाठ असल्यामुळे, शेजारी उभी राहून बघायचे. आठवीत दोनदा नापास झाल्यावर त्याने शाळा सोडली. पुढे बडा बाजारात वह्या-पेनांचं दुकान टाकलं, ते नीट चालवलं, मुलीला शिकवून इंजिनियर केलं. तरी आजही कागदावर काही वाचायचं असलं की तो चष्मा घरी राहिल्याचं सांगतो.

पंधरा दिवस मी काहीच केलं नाही. आत्याचं जेवण वेळेवर वाढायचे, औषधं द्यायचे आणि तिच्याकडे न बघता खोलीबाहेर यायचे. ज्या हातांचं मी आयुष्यभर कौतुक केलं, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, भावाचं ते सगळं शिशामुळे झालं असेल का. त्या म्हणाल्या, असू शकतं, नसूही शकतं, आता इतक्या वर्षांनी कुणीच सांगू शकणार नाही.

शेवटी एका दुपारी मी दुकानात गेले. उन्हामुळे रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. भाऊ कूलरसमोर बसून खोकी लावत होता. मी सगळं सांगितलं, एका दमात. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं नाही.

"त्यानेच झालं, असं नाही म्हणत मी," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही."

तो खोक्यावरची धूळ पुसत राहिला. बासष्ट वर्षांचा माणूस. मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे ताई, मी ढ नव्हतो?"

मला रडू आलं. तो गल्ल्याजवळून पाण्याची बाटली घेऊन आला आणि मला म्हणाला, "अरे यार, तू क्यों रो रही है?" घरातलं काही जिव्हारी लागलं की तो हिंदीत शिरतो.

त्या रविवारी तो आत्याकडे आला. ती खुर्चीत सरळ बसली होती, नवी साडी नेसून, कुणाला तरी मुलाखत द्यायची असावी तशी. पिवळा कप टेबलावर होता. तिने तो स्वतः तिथे ठेवला होता.

"मी तुझी अपराधी आहे," ती म्हणाली.

भावाने काही ऐकलं की नाही कळलं नाही. त्याने कप उचलला, कानात दोन बोटं घालून पाहिली. आता एकच जात होतं. "बाबा पट्टीने मारायचे," तो म्हणाला. "पट्टी तुटली तर मलाच नवीन आणायला पाठवायचे. तुला माहीत आहे?"

"नाही."

"तुला कसं असणार. तू तिकडे होतीस."

त्याने आवाज चढवला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग त्याने कप उलटा करून बुडावरचा शिक्का पाहिला आणि विचारलं, "आत्या, हा रंग चढवायचे कसे?"

"बुडवून. मोठ्या टाकीत झिलई कालवलेली असायची. कप बुडवायचा, झटकायचा, फळीवर ठेवायचा."

"हाताने?"

"हाताने."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"पिणाऱ्यांचं ताईने सांगितलं," भाऊ म्हणाला. "आम्ही एक कप पन्हं प्यायचो. ते लोक तर दिवसभर त्यातच हात घालून होते. त्यांचं काय झालं?"

आत्याचा चेहरा मी इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "माझ्या मनातच आलं नाही." मग पुन्हा, जणू स्वतःलाच, "साठ वर्षांत एकदाही मनात आलं नाही रे."

भाऊ चहा न घेता गेला. मी दारापर्यंत गेले तेव्हा स्कूटरला किल्ली लावत म्हणाला, "मी भांडायला आलो होतो. भांडायचं जमलं नाही."

त्यानंतर आत्याने दिल्लीच्या मुलीला फोन लावायला सांगितला. कप ठेवा, पण त्याच्याखाली मी सांगते ते लिहा, अशी तिची अट. मला तिने मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला : या कपाच्या झिलईत शिसं होतं. मला ते कळल्यावरही मी दोन वर्षं तो बनू दिला, आणि पुढेही गप्प राहिले. ज्यांनी तो वापरला आणि ज्यांनी हातांनी तो रंगवला, त्यांच्यापैकी कुणालाही सांगितलं गेलं नाही.

मुलगी घाबरली. तिच्या वरिष्ठांना हे चालणार नाही म्हणाली. दालन तुमच्या गौरवासाठी आहे, त्यात हे कशाला, त्या काळी सगळेच असं करत होते, असं बरंच बोलली. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग माझं दालन काढून टाक." आठ दिवसांनी मुलीचाच फोन आला. मजकूर जाईल, म्हणाली. तिने त्यासाठी कुणाशी वाद घातला ते तिने सांगितलं नाही, आवाजावरून कळलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र कप येणार नव्हता.

आत्याला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. प्रदर्शन सुरू झाल्यावर मी एकटी सकाळच्या गाडीने दिल्लीला गेले. दालन सुरेख मांडलं होतं. थेंब न गाळणारी किटली होती, दोन कानांचा कप होता, वह्यांची पानं भिंतीवर मोठी करून लावली होती. इतक्या वर्षांचं काम एका ठिकाणी मीही प्रथमच पाहिलं आणि छाती भरून आली. पिवळा कप काचेच्या पेटीत होता, खाली पांढऱ्या पाटीवर तिचे शब्द. मी तिथे बाकावर तासभर बसले. बहुतेक लोक कपाचा फोटो काढून पुढे जात. कुणी म्हणे, अरे, हा नानीकडे होता. माझ्या वयाच्या एका बाईंनी मात्र पाटी पूर्ण वाचली, पुन्हा वाचली, मग पर्समधून फोन काढून कुणाला तरी लावला आणि बोलत बोलत बाहेर निघून गेल्या. त्यांच्या मागे जावंसं वाटलं, पण मी गेले नाही.

घरी आल्यावर आत्याने कौतुकाचं काही विचारलं नाही. तिला वेगळंच हवं होतं. झिलई विभागातली माणसं आठवायला ती महिनाभर झटत होती. जुन्या वह्यांत तिला प्रत्येक रंगाचं मिश्रण सापडत होतं, भट्टीचं तापमान सापडत होतं, पण त्या टाकीपाशी कोण उभं असायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चौघे आठवले. एक बुटका, कानावर बिडी खोचलेला. दोघी बहिणी. आणि एक मिस्त्री, जो तिला पहिल्या दिवशी म्हणाला होता, बेन, इथे बायका टिकत नाहीत.

त्या मिस्त्रीच्या घरचा नंबर मिळवला तो माझ्या भावाने. त्याने वह्या पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्यामार्फत कारखान्याच्या गावात चौकशी केली होती, आम्हाला न सांगता. एका सकाळी चिठ्ठी घेऊन आला आणि आत्यासमोर ठेवली. मोठमोठे, वेडेवाकडे आकडे होते, त्याच्या हाताचे.

फोन मी लावला आणि आत्याच्या कानाशी धरला. पलीकडे मिस्त्रीची सून होती. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली, म्हणाली. आत्याने मोडक्या गुजरातीत विचारलं, त्यांचे हात कसे होते?

त्या बाईने विचारलं, "तमे कोण?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "ज्या टाकीत ते हात घालायचे," ती म्हणाली, "तिच्यातला रंग मी ठरवला होता."

मला वाटलं, आता फोन बंद होणार. तो बंद झाला नाही. ती बाई बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मनगटं लुळी पडली होती, शेवटची दहा वर्षं घास सासूबाई भरवायच्या, गावात लोक म्हणायचे दारूने झालं, आणि सासऱ्यांनी तर दारूला कधी हात लावला नव्हता. आत्या मधे फक्त "हां बेन" म्हणत होती. अर्ध्या तासाने माझा हात अवघडला तेव्हा भावाने फोन माझ्याकडून घेतला आणि तिच्या कानाशी धरून उभा राहिला.

आत्याने त्या बाईला एक पत्र पाठवलं आहे, सही करून, त्यात झिलईत काय होतं ते सगळं आहे. त्याचा आता काही उपयोग होईल का, मला माहीत नाही. निदान गावात दारूचं नाव निघणार नाही, असं ती बाई म्हणाली. भाऊ अधूनमधून येतो. आत्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. सध्या तो त्या दोघी बहिणींचा पत्ता शोधतो आहे.